लग्न कशानें लागतें?

कार्तिक शुद्ध द्वादशीच्या सायंकाळीं महाराष्ट्रांतल्या असंख्य अंगणांत एक लग्न लागतें. वधू तुळस, वर बाळकृष्ण. वृंदावनाला ऊंस बांधतात, बुंध्याशीं चिंचा-आंवळे ठेवतात, घरांतलीं दोन मुलें अंतरपाट धरतात, ज्याला येतील तो मंगलाष्टकें म्हणतो, आणि अक्षता पडतात. हा सण आहे कीं लग्न आहे, असें त्या वेळीं कोणी विचारीत नाहीं. पुष्कळ घरीं भटजीही नसतो. तरी तुळशीचें लग्न लागलेंच नाहीं, असा आक्षेप आजवर कोणी घेतलेला ऐकिवांत नाहीं. चातुर्मास संपला, आतां माणसांच्या लग्नांना मोकळीक झाली, एवढें त्यावरून समजावयाचें.

माणसांच्या लग्नाची गोष्ट मात्र निराळी. तें कशानें लागतें, हा प्रश्न धर्माधिकाऱ्यांनीं विचारला, गांवच्या वतनदारांनीं विचारला, आणि न्यायाधीशांनींही विचारला. मंत्रानें, अग्नीनें, घटकेनें, हळदीनें, कीं कागदावरच्या सहीनें? उत्तरें वेगवेगळीं मिळालीं, आणि प्रत्येक उत्तराचें मोल कोणाला तरी द्यावें लागलें. गेल्या तीनशें वर्षांत गोव्यांत व महाराष्ट्रांत हीं उत्तरें कशीं बदलत गेलीं, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

प्रथम शास्त्राचें म्हणणें पाहूं. गृह्यसूत्रें हे विवाहविधीचे आपल्याकडील प्राचीन ग्रंथ. त्यांपैकीं आश्वलायनानें विवाहाच्या आरंभींच सांगून टाकलें आहे कीं, देशोदेशींचे व गांवोगांवचे आचार नाना प्रकारचे असतात आणि विवाहांत ते पाळावेत. आपण सांगतों तें केवळ सर्वांना समान असलेलें. आपस्तंब तर याच्याही पुढें गेला आहे. विवाहांतले आचार स्त्रियांकडून समजून घ्यावेत, असें त्याचें सूत्र आहे. सूत्रकार स्वतः ज्या ठिकाणीं हात आंखडता घेतो आणि घरांतल्या आजीकडे बोट दाखवितो, तें ठिकाण लक्षांत ठेवण्यासारखें आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीं ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’च्या १९४१ सालीं निघालेल्या दुसऱ्या खंडांत विवाहाच्या अंगांची तपशीलवार यादी दिली आहे. ती वाचतांना कोणत्या गोष्टी ग्रंथांतून आल्या आणि कोणत्या माजघरांतून, हें वेगळें करणें किती अवघड आहे तें कळतें.

सर्वांना समान म्हणून सूत्रकारांनीं जें सांगितलें तें थोडकें आहे: पाणिग्रहण, अग्नींत लाह्यांचा होम, दगडावर पाय ठेवणें, आणि सात पावलें. सातव्या पावलावर विवाह पक्का होतो, असें मनुस्मृति म्हणते. आतां आपल्याकडील कोणत्याही लग्नमंडपांत काय घडतें तें आठवून पाहा. ‘लग्न लागलें’ असें लोक केव्हां म्हणतात? शेवटच्या ‘सावधान’नंतर अंतरपाट दूर होतो, वाजंत्री वाजते, अक्षता पडतात, तेव्हां. त्यानंतर मंडळी पानावर बसावयास निघतात. आणि होम व सप्तपदी हे विधि धुरानें डोळे चोळीत बसलेल्या चार जवळच्या माणसांसमक्ष मागाहून उरकले जातात. मंगलाष्टकें व अंतरपाट यांचा आश्वलायनाला पत्ताही नाहीं. शास्त्राचें लग्न एका क्षणीं लागतें आणि लोकांचें दुसऱ्या. ही तफावत वरवर क्षुल्लक दिसते, पण तिच्यापायीं पुढें काय झालें तें सांगणारच आहें.

‘लग्न’ हा शब्दच मुळीं ज्योतिषाचा आहे. त्या घटकेला पूर्व क्षितिजावर उगवणारी रास म्हणजे लग्न. ती घटका साधण्यासाठीं पूर्वीं घटिकापात्र वापरीत. बुडाशीं बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी घंगाळांतल्या पाण्यावर तरंगत ठेवावयाची. ती भरून बुडाली कीं चोवीस मिनिटें, म्हणजे एक घटका झाली. अहोरात्राच्या अशा साठ घटका. घड्याळें घरोघर येण्यापूर्वीं या वाटीवर जो नजर ठेवून बसे तो गांवचा जोशी. संक्रांत कधीं, एकादशी कोणती, मुहूर्त केव्हां, हें सर्व त्याच्या पंचांगांत. सण आणि लग्नें हीं दोन्हीं त्याच्या हातीं होतीं तीं याच वाटेनें. मंत्रापेक्षां काळावरची त्याची सत्ता मोठी होती.

परंतु घरांत शिरलें कीं त्याची सत्ता संपे. देवक बसविणें हें घराचें काम. मराठा, कुणबी आणि इतर अनेक जातींत कळंब, उंबर, पिंपळ अशा झाडांचीं पानें हें कुळाचें देवक. एका देवकाच्या घरांत सोयरीक होत नाहीं. हळद, घाणा भरणें, जात्याला सुपारी बांधणें, रुखवत, हीं सर्व बायकांचीं कामें. घाणा भरावयाचा म्हणजे सुवासिनींनीं आंब्याचीं पानें बांधलेलीं मुसळें हातीं घेऊन थोडें धान्य कांडावयाचें व ओव्या म्हणावयाच्या. यांत संस्कृताचा एक शब्द नाहीं. याला धर्म म्हणावें कीं रीत?

या प्रश्नाला सर्वांत ठाम उत्तर दिलें तें, चमत्कारिक वाटेल, गोव्याच्या इन्क्विझिशननें.

हें ख्रिस्ती धर्मन्यायालय गोव्यांत १५६० सालीं स्थापन झालें. १७७४ ते १७७८ एवढीं चार वर्षें सोडल्यास तें १८१२ पर्यंत चाललें. बाटून ख्रिस्ती झालेले लोक मनानें जुन्या धर्माचेच राहिले आहेत कीं काय, हें शोधणें हें त्याचें मुख्य काम. आतां मन कसें शोधावयाचें? तें लग्नांत आणि सणांतच दिसतें, हें त्या न्यायाधीशांनीं नेमकें ओळखलें. १४ एप्रिल १७३६ रोजीं इन्क्विझिशननें एक जाहीरनामा काढला. त्यांत एतद्देशीय ख्रिस्त्यांना काय काय वर्ज्य आहे याची यादी होती: लग्नांत ओव्या म्हणूं नयेत, वधूवरांना हळद किंवा नारळाचा रस लावूं नये, बायकांनीं गात तांदूळ कांडूं नयेत, पानविडे व फुलें वाटूं नयेत, देशी वाजंत्री लावूं नये, धोतर-चोळी वापरूं नये, अंगणांत तुळस ठेवूं नये.

या यादींत मंत्र नाहींत, होम नाहीं, सप्तपदी नाहीं. कारण तीं केव्हांच गेलीं होतीं. लग्न चर्चमध्यें पाद्रीच लावीत होता. उरली होती ती केवळ सूत्रकारानें स्त्रियांकडे सोंपविलेली बाजू, आणि तीच धर्म आहे असें परक्या न्यायालयानें ठरविलें. या जाहीरनाम्याचा एक उपयोग मात्र त्याच्या कर्त्यांच्या ध्यानींमनींही नसेल. अठराव्या शतकांत गोव्याच्या घरांत लग्न कसें होत असे, हें ज्याला जाणून घ्यावयाचें असेल त्याला बंदीच्या या यादीइतकें तपशीलवार साधन क्वचितच सांपडेल. प्रा. अ. का. प्रियोळकर यांनीं १९६१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत या सर्व कारभाराचा साधार वृत्तांत दिला आहे. जिज्ञासूंनीं तो अवश्य पाहावा.

बंदीचा परिणाम काय झाला? इन्क्विझिशन जाऊन दोनशें वर्षें होऊन गेलीं. गोव्यांतल्या ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या दिवशीं ‘रोस’ होतो: वडीलधारीं माणसें व सोयरीं वधूवरांच्या अंगाला नारळाचा रस चोळतात. वधूच्या हातांत ‘चुडो’ भरतात. घरापुढें ‘माटोव’ उभारतात. तो आपला मांडवच. लग्नापूर्वीं पितरांच्या स्मरणार्थ भिकाऱ्यांना जेवण घालण्याची चालही त्यांच्यांत आहे, आणि ती पाहून आपल्या देवकार्याची आठवण कोणाला होणार नाहीं? जुन्या ओव्यांच्या चालीही पुष्कळ काळ ऐकूं येत होत्या. फक्त त्यांतलीं देवाचीं नांवें बदललीं. ज्यांच्या घरीं हें चालतें ते लोक निष्ठावंत ख्रिस्ती आहेत. म्हणजे इन्क्विझिशननें जो पुरावा म्हणून धरला तो पुरावा खोटा होता. धर्म बदलला होता; लग्न बदललें नव्हतें.

आतां गोवा सोडून घाटावर येऊं. तेथें हाच प्रश्न उलट बाजूनें, म्हणजे घरच्या माणसांनींच उभा केला. महात्मा जोतीराव फुले यांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यांत सत्यशोधक समाज स्थापिला, आणि अवघ्या तीन महिन्यांनीं, २५ डिसेंबर रोजीं, समाजाच्या पद्धतीचें पहिलें लग्न लागलें. वधू राधा ही सावित्रीबाईंच्या मैत्रिणीची मुलगी आणि वर सीताराम आल्हाट. भटजी नाहीं, दक्षिणा नाहीं. खर्च काय तो पानसुपारीचा. पुढल्या वर्षीं ७ मे रोजीं ग्यानोबा ससाणे यांचें लग्न तसेंच झालें. या लग्नांत आरडाओरड व अडथळे होतील अशी धास्ती होती. ती निराधार नव्हती. गांवजोश्याला डावलून लग्न लावणें म्हणजे त्याच्या वतनाला हात घालणें होतें.

फुल्यांनीं लग्नांतून धर्म काढून टाकला, असें पुष्कळांना वाटतें. तसें झालेलें नाहीं. मंगलाष्टकें ठेवलीं, अक्षता ठेवल्या. निर्मिकाचें स्मरण ठेवलें. बदललें तें एवढेंच कीं मंगलाष्टकें मराठींत आलीं, आणि तीं म्हणावयाचीं तीं वधूवरांनींच एकमेकांस उद्देशून. १८८७ सालीं निघालेल्या पूजाविधीच्या पुस्तिकेंत तीं आहेत. त्यांत वधू वराला सांगते कीं, आम्हां बायकांना स्वातंत्र्याचा अनुभव नाहीं, तो हक्क देण्याची शपथ घे. आणि वर सर्वांच्या देखत तशी शपथ घेतो. ज्या समारंभांत वधूनें मान खालीं घालून बसावयाचें असा शेंकडों वर्षांचा दंडक, त्यांत तिला पहिल्यानेंच बोलावयास लावलें. माझ्या मतें भटजी वगळण्यापेक्षां ही गोष्ट मोठी होती.

जोशी गप्प बसले नाहींत. जुन्नर तालुक्यांतल्या ओतूर गांवीं १८८४ सालीं बाळाजी कुसाजी पाटील यांनीं जोश्याला न बोलावतां लग्नकार्य केलें. जोश्यांनीं दक्षिणेसाठीं दावा लावला. त्यांचें म्हणणें आज चमत्कारिक वाटेल; पण तें कायद्याला धरून होतें. ग्रामजोशीपण हें वतन. यजमानानें दुसरा भटजी बोलावला तरी हक्कदार जोश्याची दक्षिणा बुडत नाहीं, असे निवाडे पूर्वीं झालेले होते. येथें प्रश्न नवा होता: यजमानानें कोणताच भटजी बोलावला नाहीं तर? खटला चढत चढत मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १८९० च्या सुमारास निकाल यजमानाच्या बाजूनें लागला. पुढें १९२६ सालीं मुंबई कायदेमंडळानें, ज्यानें धर्मकृत्य केलेंच नाहीं त्याला त्याची दक्षिणा वसूल करतां येऊं नये, असा स्वतंत्र कायदाच केला.

याच सुमाराला दुसरी एक चळवळ अगदीं विरुद्ध दिशेनें चालली होती, तिचा येथें ओझरता उल्लेख करतों. कोल्हापुरांत १८९९ पासून वेदोक्ताचा वाद पेटला. तेथें मागणी भटजी नको अशी नव्हती. त्यानें आमच्यासाठीं पुराणोक्त नव्हे, वेदोक्त मंत्र म्हणावेत, अशी होती. एकाच समाजांतले लोक एकाच पिढींत मंत्र नाकारीत होते आणि मागतही होते. दोघांनाही हवी होती ती प्रतिष्ठाच.

आणि ज्या लग्नाला ही प्रतिष्ठा कधींच नव्हती, त्याचें काय? मराठींत दोन शब्द आहेत. ‘लग्न’ एकदांच होतें. विधवेनें किंवा काडीमोड घेतलेल्या स्त्रीनें पुन्हां संसार मांडला तर तो ‘पाट’. कोठें त्याला मोहतूर म्हणतात, कोठें गांधर्व. पाट बहुधा रात्रीं लागे. वाजंत्री नाहीं, होम नाहीं, जमलेल्या सुवासिनी नाहींत. जातीचीं चार माणसें, एक नारळ, थोडीशी पूजा, आणि कपाळाला कपाळ लावणें. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनीं दख्खनच्या जातींचे रिवाज लिहून घेतले, त्यांत आर्थर स्टील यानें पाटाचीही नोंद केली आहे. समाज या नात्याला खरें मानीत असे, मुलें औरस मानीत असे. फक्त त्याला धर्माचें छत्र देत नसे. इंग्रजी न्यायालयांनीं या व्यवस्थेला धक्का दिला. जातीच्या पंचांना लग्न मोडण्याचा व स्त्रीला दुसरा नवरा करण्याची परवानगी देण्याचा अधिकार आम्ही मानीत नाहीं, असें मुंबईच्या उच्च न्यायालयानें १८७६ च्या निकालांत सांगितलें. जी बाई जातीच्या लेखीं पाट लावलेली, ती कायद्याच्या लेखीं गुन्हेगार ठरूं लागली.

कायद्याची स्वतःची वाटही सरळ नव्हती. १८७२ च्या तिसऱ्या कायद्यानें धर्मविधीवांचून, नोंदणीनें लग्न करण्याची सोय झाली. पण त्यासाठीं वधूवरांनीं आपण हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी इत्यादि कोणत्याच धर्माचे नाहींत असें लिहून द्यावें लागे. म्हणजे होम टाळावयाचा तर धर्मच टाकावा लागे. ही अट हिंदु, बौद्ध, शीख व जैन यांच्यापुरती १९२३ सालीं सैल झाली, आणि सर्वांसाठीं १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानें गेली. पुढल्याच वर्षीं हिंदु विवाह कायदा आला. त्याच्या सातव्या कलमांत असें आहे कीं, दोहोंपैकीं कोणत्याही पक्षाच्या रूढ विधीनें विवाह करावा. त्या विधींत सप्तपदी असेल तर सातव्या पावलावर तो पूर्ण होतो. रूढीनें मिळणारी काडीमोडही त्या कायद्यानें मोडली नाहीं. आश्वलायनाचेंच मत जणुं संसदेनें उचललें, असें वाटावें. परंतु एक मेख होती. रूढि म्हणजे दीर्घकाळ, सतत आणि सारखी पाळलेली चाल, अशी व्याख्या त्याच कायद्यांत आहे. आणि ती सिद्ध करण्याचा भार जो रूढि सांगेल त्याच्यावर.

त्या मेखेचा फटका कोणाला बसला, तें १९६५ सालीं दिसलें. महाराष्ट्रांतल्या एका पुरुषानें पहिली बायको हयात असतां १९६२ सालीं गांधर्व पद्धतीनें दुसरें लग्न केलें. द्विभार्या आतां गुन्हा होता. पहिल्या पत्नीनें फिर्याद केली, आणि खालच्या न्यायालयांत त्याला शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयांत त्याच्या वकिलांनीं एकच मुद्दा मांडला: हें दुसरें लग्न लागलेंच नाहीं. पूजा झाली होती, नारळ होता, कपाळाला कपाळ लावलें होतें, गांवचीं माणसें साक्षीला होतीं. पण होम झाला नव्हता, सप्तपदी झाली नव्हती, आणि या विधींवांचून विवाह पूर्ण होतो अशी रूढि सरकारपक्षाला सिद्ध करतां आली नाहीं. न्यायालयानें मुद्दा मान्य केला. दुसरें लग्न विधिपूर्वक झालेलें नाहीं, म्हणून तें लग्न नाहीं. तें लग्न नाहीं, म्हणून द्विभार्येचा गुन्हा नाहीं. आरोपी सुटला.

त्या निकालाचा अर्थ नीट पाहा. पहिल्या पत्नीला न्याय मिळाला नाहीं, आणि जिच्याशीं दुसरें लग्न झालें तिला तर कोणतें नांवच उरलें नाहीं. ज्या अग्नीकडे पाठ करून मांडवांतले पाहुणे जेवावयास उठतात, त्या अग्नीच्या अभावीं एक पुरुष दोन स्त्रियांच्या जबाबदारींतून मोकळा झाला. कायद्याचें शब्दशः वाचन म्हणून निकाल चुकीचा होता, असें मला म्हणवत नाहीं. दुसऱ्या लग्नाचा पुरावा कडकपणें मागावा, हें फौजदारी न्यायाला धरूनच आहे. पण त्यानंतर दुसरें लग्न करणाऱ्या पुरुषाला एक सल्ला फुकट मिळाला: विधि थोडा अपुरा ठेव.

मद्रास राज्यानें या पेंचांतून आपली सुटका करून घेतली. तेथें स्वाभिमान चळवळीनें पुरोहितावांचून हजारों लग्नें लावलीं होतीं, आणि न्यायालय तीं मानीत नव्हतें. १९६७ सालीं त्या राज्यानें हिंदु विवाह कायद्याला पुस्ती जोडली: सोयरेमंडळींसमक्ष वधूवरांनीं एकमेकांना समजेल अशा भाषेंत पतिपत्नी म्हणून स्वीकारलें, किंवा हार घातला, किंवा अंगठी घातली, किंवा ताली बांधली, तरी विवाह झाला. पुदुच्चेरीनेंही पुढें तेंच केलें. ज्या महाराष्ट्रांत चौऱ्याण्णव वर्षांपूर्वीं जोतीरावांनीं समजेल अशा भाषेंतलें पहिलें लग्न लावलें, त्यानें मात्र अशी पुस्ती जोडलेली नाहीं. येथें सत्यशोधक पद्धतीनें लग्न करणारीं जोडपीं पुष्कळदां शहाणपणानें विशेष विवाह कायद्याखालीं नोंदणीही करून घेतात.

नोंदणीनेंच सर्व भागतें, असेंही समजूं नये. २०२४ सालच्या एका निकालांत सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट सांगितलें कीं, हिंदु विवाह कायद्याखालीं विधि झाल्यावांचून नुसत्या दाखल्यानें लग्न सिद्ध होत नाहीं. लग्न म्हणजे नाचगाणें व मेजवानी यांचा समारंभ नव्हे, असेंही न्यायालयानें त्याच वेळीं बजावलें.

गोव्यांत मात्र उत्तर याच्या बरोबर उलट आहे. १९१० च्या पोर्तुगीज विवाहकायद्यापासून तेथें हिंदूंचें लग्न नोंदणी कचेरींतल्या सहीनें कायदेशीर होतें. होम झाला काय, न झाला काय, कायद्याला त्याचें सोयरसुतक नाहीं. भारतांत सामील झाल्यावरही ती पद्धत कायम राहिली. प्रथम जाऊन इच्छा नोंदवावयाची, मुदत गेल्यावर पुन्हां जाऊन ती कायम करावयाची. सही कित्येकदां मांडवाच्या पुष्कळ आधींच होऊन जाते. सही झाली कीं सरकार त्या दोघांना नवरा-बायको मानतें; आणि घरचीं माणसें मुलीला तिच्या खोलींत परत पाठवितात, कारण हळद अजून लागलेली नसते.